गाळात उतरेल त्याचा वाटा

राजकारणात इतकी वर्षं काढलीस, मग कुणाकुणाला खुर्चीवर बसवलंस, असं माझी नणंद मला अजून विचारते. खरं सांगायचं तर मी सगळ्यांनाच बसवलं. मंडपवाल्याकडून खुर्च्या मागवायच्या, पहिल्या रांगेतल्या पुसून ठेवायच्या आणि सभा संपली की मोडलेल्या आधीच मोडलेल्या होत्या यावरून मंडपवाल्याशी भांडायचं, हे माझं काम होतं. पक्ष लहान असला तरी त्याला विचारधारा लागते, पण खुर्च्या आधी लागतात.

मी बावखल आघाडीची कार्यालय सचिव होते. आमचं कार्यालय निर्मळला, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या माळ्यावर. मी गावातलीच, शाळेत टायपिंग करून निवृत्त झाले तेव्हा अध्यक्षसर म्हणाले, "सेलीन, घरी बसून नवऱ्याच्या चुका काढण्यापेक्षा आमच्या काढ." अध्यक्षसर म्हणजे आमच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक. मला वाटलं, दोन महिने बघू. नवऱ्याला तेवढाच आराम.

बाहेरच्या माणसाला बावखल म्हणजे काय ते सांगण्यात माझा निम्मा काळ गेला, तेव्हा इथंही सांगून टाकते. आमच्या वसईच्या पट्ट्यात वाड्यांच्या, म्हणजे केळी-भाजीच्या बागांच्या, मधोमध पूर्वजांनी मोठाले खड्डे खणून ठेवलेत. पावसाचं पाणी त्यांत साठतं, मुरतं, आणि समुद्र इतका जवळ असूनही आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. तळं म्हणावं तर लहान, आणि डबकं म्हणालात तर आमच्या म्हाताऱ्यांचा मार खाल. एकेका बावखलावर बऱ्याच घरांचा सामाईक वाटा असतो. केळी, सोनचाफा, भाजी, सगळं त्याच्याच जिवावर.

पुढे जमिनीला भाव आला आणि बावखलं लोकांच्या डोळ्यांत सलू लागली. राडारोड्याचे ट्रक ओतले की खड्ड्याचा प्लॉट होतो. असाच एक ट्रक एका दुपारी आमच्या आळीतल्या मानूकाकांच्या वाडीमागे आला. मानूकाका केळ्यांचे घड लादलेली सायकल घेऊन बाजाराला निघाले होते. त्यांनी ती ट्रकसमोर आडवी घातली आणि स्वतः बांधावर बसून विडी पेटवली. ट्रकवाला हॉर्न वाजवून दमला, गाव गोळा झालं, आणि त्या गर्दीतून आमची आघाडी निघाली. पहिल्या निवडणुकीत आम्ही चिन्ह म्हणून बादली मागितली, मिळाला पंखा. तरी दोघं निवडून आले.

कार्यालयात येणाऱ्या माणसांना मात्र बावखलाशी काही देणंघेणं नसे. कुणाचं गटार तुंबलेलं, कुणाच्या गल्लीतला दिवा गेलेला, कुणाला पोलिसांकडून लाउडस्पीकरची परवानगी हवी. लोक पक्षाच्या कार्यालयात येतात ते आपलं ऐकून घेणारं कुणीतरी हवं म्हणून. पालिकेत ऐकून घेणारा असतो, पण तो जेवायला गेलेला असतो. मी डबा टेबलावरच खायचे, त्यामुळे आमची आघाडी कार्यक्षम आहे असा लौकिक झाला.

एकदा कळंबहून एक साहेब आले. समुद्रकाठी त्यांनी सुट्टीसाठी बंगली घेतली होती. तक्रार काय, तर शेजारचा कोंबडा पहाटे आरवतो. कोंबडा निघाला मोरेश्वरचा. मोरेश्वर म्हणजे आमचा कळंबचा कार्यकर्ता, मासेमारी करणारा, तोंडानं फटकळ. मी त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "ताई, कोंबडा कोनाला इचारून आरवतो काय? त्याला सांगा, मुंबईचा गोंगाट चालतो नि माजा कोंबडा नाय चालत?" मी दोघांना समोरासमोर चहाला बसवलं. शेवटी साहेबांनी तो कोंबडा विकत घेतला आणि मोरेश्वरलाच पाळायला दिला. आता तो साहेबांचा कोंबडा म्हणून आरवतो आणि साहेब कौतुकानं ऐकतात. राजकारणातला माझा सर्वात टिकाऊ तोडगा तो हाच.

नालासोपाऱ्यात आम्ही शाखा उघडली तेव्हाची गंमत वेगळी. पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर पाटी लावली, 'बावखल आघाडी'. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ आले. हात जोडून म्हणाले, "मॅडम, नल का कनेक्शन तो मिला नहीं. बावखल का मिलेगा क्या?" एक बाई तर ती खायची वस्तू समजून आल्या होत्या आणि पार्सल मिळतं का, असं विचारत होत्या. मी हसले, पण मनातून ओशाळलेही. त्या लोकांच्या घरी दिवसाआड टँकर येतो. पाण्यासाठी काढलेल्या पक्षाचं नाव पाण्यावाचून तरसणाऱ्यालाच कळू नये, हे बरं नव्हतं.

एक सल मात्र हसण्यावारी नेता येत नाही. आमच्याच एका नगरसेवकाच्या मेव्हण्यानं दुसऱ्या गावातलं एक बावखल बुजवलं. आम्हाला कळलं तेव्हा वर कंपाउंडची भिंत उभी होती. नगरसेवकाला आम्ही आघाडीतून काढलं, तो दुसऱ्या पक्षात गेला आणि आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं लोक आम्हाला तोंडावर म्हणाले. त्या कंपाउंडवरून जाताना मी अजून मान वळवते. मला खरोखर लाज वाटते.

मग पालिकेवर प्रशासक बसला, निवडणूक आज होईल उद्या होईल करत वर्षं गेली, आणि त्या रिकाम्या काळात आमच्या तरुण मंडळींना आघाडीचं नाव बदलायची कल्पना सुचली. पुढारी होता क्लिंटन. मानूकाकांच्याच आळीतला मुलगा, अंधेरीत जाहिरातींच्या कंपनीत नोकरी, रविवारी आघाडीचा सरचिटणीस. त्याचं म्हणणं, बावखल हा शब्द निर्मळच्या चार आळ्यांपलीकडे कुणाला कळत नाही. नवं नाव हवं 'शहर प्रगती आघाडी'. ऐकताच कळलं पाहिजे.

सभा ठरली. आमच्या माळ्यावर सगळे मावणार नाहीत म्हणून लग्नाचा हॉल घेतला. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट तशीच होती, त्यामुळे अध्यक्षसर नवरानवरीच्या सोनेरी सोफ्यावर बसले आणि डोक्यावर थर्माकोलचे दोन बदाम लटकत राहिले. क्लिंटननं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. मोरेश्वर मागून ओरडला, "नाव बदलायचंच तर दर्या आघाडी ठेवा. दर्या कोनाचा बाप बुजवू शकत नाय!" त्याला टाळ्या मिळाल्या, अनुमोदन मिळालं नाही.

मग नालासोपाऱ्याच्या कदमवहिनी उठल्या. मूळच्या चिपळूणच्या, यजमान कारखान्यात, आणि येत्या निवडणुकीत त्या आमच्या उमेदवार. "मी दारोदार फिरते ना," त्या म्हणाल्या, "तर पहिले पाच मिनिट नावाचा अर्थ सांगण्यात जातात. तोपर्यंत समोरच्या बाईचा कुकर होतो आणि दार बंद. माझ्या बिल्डिंगमधल्या बायकांना पाणी पाहिजे. त्यासाठी पालिकेत माणूस पाहिजे. नाव सोपं झालं तर मी निवडून येईन. सिंपल आहे."

यावर मानूकाका उभे राहिले. वय झालेलं, काठी टेकत उठले, पण आवाज बाजारात केळी विकणाऱ्याचा.

"सिंपल नाय. माज्या वाडीमागं बावखल हाय. आमच्या आळीतलं हे शेवटचं. बाजूची जागा विकली गेली. घेणाऱ्याचा माणूस रोज येऊन मना विचारतो, काका, वाटेकऱ्यांच्या सह्या कवा देता? आमचे वाटेकरी कोण उरले? एक कॅनडात, एक दुबईत, त्यांचे फोन येतात, देऊन टाक म्हणून. तिथं आघाडीची पाटी हाय. आख्ख्या पक्षाचं नाव बावखल, म्हणून ट्रक आत येत नाय. तुम्ही नाव पुसा, सकाळी पाटी जाईल, दुपारी राडारोडा पडेल."

"काका, पण निवडणूक..." क्लिंटन बोलू लागला.

"मी मेल्यावर बदला," काका म्हणाले, आणि काठी आपटत बाहेर गेले.

कठीण असं की दोन्ही माणसं खरं बोलत होती. वहिनी निवडून आल्या नाहीत तर नालासोपाऱ्यातल्या आमच्या लोकांचं कुणी ऐकणार नव्हतं, आणि नाव गेलं तर काकांचं बावखल जाणार होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आम्ही गावोगाव भाषणांत सांगितलेलं. आता आड वाचवायचा की पोहरा, यावर मत घ्यायची वेळ आली. सरांनी शाळेतली युक्ती केली, तास संपला म्हणून सांगितलं आणि मतदान पुढच्या रविवारवर ढकललं.

पुढच्या रविवारी हॉलवर लग्न. मे महिना, मुहूर्त ओळीनं. दुसरी जागा मिळेना, तेव्हा मीच मानूकाकांकडे गेले. काका केळीच्या बुंध्याशी बसलेले, रुसलेल्या जावयासारखे.

"काका, सभा तुमच्या वाडीत घेऊ का? चिकूखाली सावली आहे."

"माजं नाव पुसायची सभा माज्याच वाडीत?" ते म्हणाले. मग केळीचं एक वाळलेलं पान ओढून काढत, "घ्या. पण त्या दिशी गाळ हाय. आधी गाळ, मग सभा."

गाळ म्हणजे आमच्याकडचा वर्षाचा सोहळा. पावसाळ्याआधी बावखलाचं पाणी तळाला जातं तेव्हा प्रत्येक वाटेकऱ्याच्या घरचा माणूस आत उतरतो आणि साठलेला गाळ घमेल्यांनी वर काढतो. तो गाळ केळीला घातला की केळी जोमानं वाढते. नियम जुना आणि सोपा: ज्या घरचा माणूस गाळात उतरला, त्या घराचा वर्षभर वाटा. जो आला नाही, त्याला त्या वर्षी बावखलाबद्दल तोंड उघडायचा हक्क नाही. आणि वाटेकऱ्यांपैकी एकानं जरी नको म्हटलं, तरी बावखलाला हात लागत नाही. कायद्यात हे कितपत टिकेल ते वकिलाला विचारा. आमच्या आळीत मात्र अजून कुणी मोडलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी पोहोचले तर बावखलात मोजकीच डोकी. काका काठावर, दोन म्हातारे, आमचे हे, कार्यालयाखालचा सायकलवाला आणि मोरेश्वर, जो कोंबड्याच्या उपकारापोटी आला होता. क्लिंटन मात्र वाडीत मतदानाची पेटी मांडत होता. मग नालासोपाऱ्याहून कदमवहिनींचा टेम्पो आला. वहिनी आणि त्यांच्या इमारतीतल्या बायका, सगळ्या सभेच्या इस्त्रीच्या साड्यांत. काही जणींनी गजरे माळलेले. मोबाइलवर फोटो सुरू झाले. वहिनी काठाशी आल्या आणि बराच वेळ खाली बघत राहिल्या.

"हेच का ते?" त्यांनी मला विचारलं.

"हेच."

"एवढं मोठं! मला वाटायचं, विहिरीसारखं काहीतरी असेल. मी इतकी वर्षं लोकांना चुकीचंच सांगितलं की हो." मग त्यांनी काकांकडे पाहिलं. "काका, इतक्या माणसांत होणार नाही हे. आमच्या बिल्डिंगची खालची टाकी दर वर्षी आम्हीच बायका साफ करतो. माणूस बोलावला की तो वरवर झाडू मारून जातो. घमेली आहेत का अजून?"

काका काही बोलायच्या आत वहिनींनी पदर खोचला, चपला चिकूखाली ठेवल्या आणि उतरल्या. एक उतरली की बायकांचं काय असतं, दुसरी मागे राहत नाही. कुणी किंचाळली, कुणाचा पाय रुतला, कुणाचा गजरा गाळात गेला, आणि हसण्यानं सगळी वाडी भरली. मीही उतरले. गुडघे दुखतात हे त्या दिवशी मला आठवलंच नाही. विरोधक आम्हाला नेहमी म्हणत, तुमचा पक्ष गाळात गेलाय. खरोखर गेलेला पाहिला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

दुपारपर्यंत तळ लागला. एका कोपऱ्यातून झरा पाझरायला लागला. प्रथेप्रमाणे काकांनी पहिलं पाणी तांब्यात धरलं आणि उतरलेल्या प्रत्येकाला घोट घोट दिलं, सोबत केळ्यांची एकेक फणी. कदमवहिनींची पाळी आली तेव्हा काकांचा हात थांबला. सायकलवाला थट्टेनं म्हणाला, "काका, आता यांचाबी वाटा आला म्हणायचा!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. ते विचार करत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत गेलं ते मी समोरून पाहिलं.

"आला," ते म्हणाले. "नियम तो नियम. बाय, तुज्या घरचा माणूस उतरला, तुजा वाटा. या सगळ्यांचा वाटा."

"पाणी कसं नेणार हो काका एवढ्या लांब?" एका बाईनं विचारलं.

"पाणी राहू दे हितंच. पण उद्या कोण सह्या मागायला आला, तं मना तुमची परवानगी घ्यावी लागल. कळलं?"

मग सभा. सगळे चिखलाच्या हातापायांनी चिकूखाली बसले. खुर्च्या मागवल्या होत्या, पण चिखल लागेल म्हणून मीच कुणाला बसू दिलं नाही. मंडपवाल्याशी भांडण नको. काका पहिले उठले.

"मी बोललो होतो, मी मेल्यावर बदला. ते मी मागं घेतो. बदला नाव. माज्या बावखलाला माणसं मिळाली, आता पाटीवर काय लिवायचं ते लिवा."

क्लिंटनचा चेहरा खुलला. पण काका बसतात न बसतात तोच कदमवहिनी उठल्या. केसांत गाळ, हातात केळ्याची फणी.

"माझा विरोध आहे," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुम्हीच तर..." क्लिंटन गोंधळला.

"तेव्हा मला माहीत नव्हतं ना! आता माझा वाटा आहे. माझ्या वाट्याचं नाव तू कसं काय काढतोस? लोकांना अर्थ कळत नाही तर मी सांगीन. आता मला तरी नीट माहीत आहे."

बायकांनी एकमुखानं "बरोबर" म्हटलं. काका नाव बदलायच्या बाजूनं आणि वहिनी विरोधात, असं उलटंच झालं. मतदान झालं. नाव राहिलं. काका हरले आणि इतके खूश झाले की सगळ्यांना आणखी केळी दिली. आणि क्लिंटन गाळात न उतरल्यामुळे त्याच्या घरचा वाटा त्या वर्षापुरता गेला. काकांनी ते मुद्दाम त्याच्या आईला जाऊन सांगितलं.

शेवट गोड करायचा तर वहिनी निवडून आल्या असं लिहायला हवं. नाही आल्या. नंतर एकदाची निवडणूक झाली, त्या दारोदार हिंडल्या, बावखल म्हणजे काय ते प्रत्येक कुकरच्या शिट्टीवर सांगितलं, आणि पडल्या. थोडक्यात पडल्या हे सांगायची पद्धत असते, पण त्या चांगल्याच पडल्या. मला फार वाईट वाटलं. सोपं नाव असतं तर, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला आणि क्लिंटन तर तो रोज बोलून दाखवत होता. निकालानंतर मी कार्यालयाच्या किल्ल्या सरांना परत दिल्या. आता खुर्च्या दुसऱ्या कुणीतरी पुसाव्यात.

त्यानंतर काही दिवसांनी बाजूच्या जागेच्या मालकाचा माणूस पुन्हा मानूकाकांकडे आला. आता आघाडी हरली, म्हातारा नरमला असेल, असा त्याचा हिशेब. काका म्हणाले, "माजी हरकत नाय. पण वाटेकऱ्यांना विचारून ये." आणि त्याला कदमवहिनींचा पत्ता दिला.

तो बिचारा नालासोपाऱ्याला गेला. लिफ्ट बंद, चार जिने चढला. पुढचं मला वहिनींनीच फोनवर सांगितलं. तो घामाघूम होऊन दारात उभा होता, त्यांनी त्याला आत घेतलं, पंखा लावला. टँकर आला नव्हता, म्हणून कळशीतलं उरलेलं पाणी अर्धा पेला दिलं. त्यानं बोलायला सुरुवात केली, काका तयार आहेत, तुम्ही फक्त हो म्हणा, तुमचं तिथं काय अडलंय.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी म्हटलं, दादा, हे पाणी बघितलं ना किती दिलं? अर्धा पेला. म्हणून मी नाही म्हणतेय. तुम्हाला बोलायचं असेल तर मे महिन्यात या. चपला चिकूखाली काढायच्या आणि गाळात उतरायचं. वाटा पडला की बोला."

मी विचारलं, "तो काय म्हणाला?"

"पाणी पिऊन गेला हो," वहिनी म्हणाल्या. "बरं, ह्या वर्षी घमेली आम्ही आमचीच आणू का? काकांची सगळी गळकी आहेत."